नीटच्या तोंडावर पोर्तुगीज पासपोर्ट?

प्रश्न : आम्ही फोंडा तालुक्यातले. माझ्या वडिलांचा जन्म 1938 चा, पोर्तुगीज राजवटीतला. त्या आधारे आम्हाला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळेल, असं एजंट म्हणतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, नीटचा अभ्यास करते. पण इथे शिकून काय होणार? अठरा पूर्ण होताच तिचा पासपोर्ट काढून तिला लंडनला मामाकडे कामाला पाठवावं, असं मनात आहे. मामा 2014 मध्ये याच पासपोर्टवर गेला. परकीय नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकारचं ओसीआय कार्ड मिळतं, त्यामुळे इथलं काही जात नाही. बरोबर ना?

उत्तर : तुमच्या पत्रात एजंट आहे, मामा आहे, आजोबांचा जन्म आहे. मुलीला काय हवं आहे, याची मात्र एक ओळही नाही. मला काळजी वाटली ती याची. यंदा अभ्यास करायचा की बॅग भरायची, हेच जिला घरातून कळत नाही, ती कोणत्या मनाने बायोलॉजी वाचणार? 'इथे शिकून काय होणार' हे तिच्या कानावर रोज पडत असेल, तर उद्या मार्क कमी आले म्हणून तिला बोल लावू नका.

मामा गेला तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं. पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे जाऊन थेट कामाला लागण्याची सोय 31 डिसेंबर 2020 ला संपली. आता नव्याने जाणाऱ्याला कामासाठी व्हिसा लागतो. एजंटाने हे सांगितलं नसेल, तर त्याला पुढचा हप्ता देऊ नका.

आता ओसीआय. 'इथलं काही जात नाही' हा समज गोव्यात घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआयवर राहता येतं, कामही करता येतं. पण मतदान नाही, सरकारी नोकरी जवळपास बंद. वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, वारशाने येईल, शेजारचं विकत घेता येणार नाही. आणि तुमच्या घरासाठी सगळ्यात मोठी गोष्ट : 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला नीट देता येते, पण प्रवेश फक्त अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येपेक्षा जादा, जागांवर. त्याआधी कार्ड काढलेल्यांना सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये दिलासा दिला. तुमच्या मुलीचं कार्ड आता निघणार, तिला तो लागू नाही. म्हणजे बांबोळीच्या मेडिकल कॉलेजची जी सर्वसाधारण जागा ती आज मागू शकते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने घालवाल.

पासपोर्ट निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. पोर्तुगाल, जर्मनी, आयर्लंड त्याने खुले होतात. पण तो काम करण्याचा हक्क देतो, कामाची पात्रता देत नाही. नुसत्या बारावीवर गोदाम, साफसफाई, हॉटेलचं स्वयंपाकघर. कष्टाचं, प्रामाणिक काम आहे ते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीवर ते तुम्ही का लादताय?

नीट, नर्सिंग, फिजिओथेरपी हे मार्ग तिच्या शिक्षकांना ठाऊक आहेत. त्यात मी शिरत नाही. कागद जमवायचे असतील तर आजोबांचे जमवा. त्यांच्या जन्मनोंदीचा जुना पोर्तुगीज दाखला काढा, आडनावाचं स्पेलिंग सगळीकडे जुळतं का पाहा. एकाच घरात एका कागदावर 'कामोतीं' आणि दुसऱ्यावर 'कामत' असतं, आणि गाडी तिथेच अडते. नोंद आधी आजोबांची, मग तुमची, मग तिची. तुम्हाला स्वतःला जायचं असेल तर खुशाल जा, तो निर्णय तुमचा. तिचा अर्ज ती सज्ञान झाल्यावर, शिक्षणाची दिशा ठरल्यावर, स्वतः करू शकते.

हे उत्तर तिला वाचायला द्या, आणि परीक्षा होईपर्यंत घरात पासपोर्टचा विषय काढू नका. त्यानंतर तिला काही विचारायचं असेल, तर पत्र तिने लिहावं.