कीबोर्डच्या शंका: ‘साओ’ची नागमोडी रेघ, ‘दऱ्या’तला र

प्रश्न : म्हापशात आमचे टायपिंगचे दुकान आहे. पोर्तुगीज दस्तांच्या प्रती करताना साओ, कोन्सेसांव, ग्रासा या नावांतली चिन्हे दर वेळी सिंबॉलच्या खिडकीत शोधावी लागतात. वर्डमध्ये थेट टाइप करता येतील का?

उत्तर : येतील. आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा. मराठी चालू असेल तर पुढचे काही लागू पडायचे नाही. ‘ए’वर नागमोडी रेघ हवी तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केपखालची टिल्डची कळ एकत्र दाबा, तिन्ही सोडा, मग ए दाबा. तोवर पडद्यावर काहीच उमटत नाही. कळ लागली नाही असे वाटून ती पुन्हा दाबू नका. ‘सी’च्या शेपटीसाठी कंट्रोल-स्वल्पविराम, मग सी. मोठे अक्षर हवे तर शेवटची कळ शिफ्टसह.

ही सोय वर्डपुरती. ईमेलमध्ये किंवा ऑनलाइन अर्जात ऑल्ट धरून नंबर पॅडवर आकडे टाका: ‘ए’साठी ०२२७, ‘सी’साठी ०२३१, ‘ओ’साठी ०२४५. नम लॉक चालू हवे. सुरुवातीचा शून्य गाळलात तर विंडोज जुन्या डॉसच्या तक्त्यातले भलतेच अक्षर देते.

लॅपटॉपला नंबर पॅड नसेल तर वर्डमध्ये इंग्रजीत ००ई७ हा त्या अक्षराचा कोड टाइप करून ऑल्ट-एक्स दाबले की शेपटीचा सी मिळतो. ‘ग्रासा’त मात्र हे फसते. कोडमध्ये ए ते एफ ही अक्षरेही चालतात, म्हणून वर्ड आधीचा ए कोडातच ओढतो आणि नुसती चौकट उमटते. तिथे फक्त कोडची चार अक्षरे निवडून ऑल्ट-एक्स दाबा.

सगळे बरोबर करूनही मराठी अक्षराचा तुकडाच दिसला तर दोष फॉन्टचा. युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्याआधीच्या मराठी फॉन्टांत या चिन्हांच्याच कोडांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, आणि टायपिंगच्या दुकानांत ते फॉन्ट अजून ठाण मांडून आहेत. तेवढा शब्द निवडून टाइम्स न्यू रोमन लावा.

प्रश्न : ‘दऱ्या’ लिहायला गेले की ‘दर्या’च उमटतो. काय करू? (फोंडा)

उत्तर : मराठी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर शिफ्ट-जे, मग डी, मग ‘य’ची कळ. शिफ्ट सोडून नुसता जे घेतला की रफार होणारच. काही जण साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसरीने शोधल्यास सापडेलच असे नाही. एका फाइलीत एकच पद्धत ठेवा.