ब्लॉग गेला म्हणून नवा काढायचा का?

प्रश्न : दादा नमस्कार, मी कोथरूडला राहते, २०१२ पासून पुण्यातल्या जुन्या हौदांवर आणि वाड्यांवर ब्लॉग लिहितेय, वर्डप्रेसवर आहे, तीनशेच्या वर लेख झालेत. गेल्या महिन्यात होस्टिंगवाल्यांचा ‘सर्व्हर बदलतोय’ असा मेल आला आणि तेव्हापासून साइट उघडतच नाहीये. तक्रारीच्या तिकिटावर तिकीट टाकलं, दर वेळी नवीन माणूस येतो आणि ‘बघतो मॅडम’ म्हणतो. शेवटी डेटाबेसची एक बॅकअप फाईल दिली, भाच्यानं ती दुसरीकडे चढवून बघितली तर मराठीच्या जागी सगळी रोमन ए, त्यांच्या डोक्यावर तिरक्या रेघा, आणि फोटो तर एकही नाही. भाचा म्हणतो सोड, नवीन सुरू कर. एवढ्या वर्षांचं काम आहे हो, काय करू?

उत्तर : ताई, आधी भाच्याला म्हणावं जरा थांब. ते तिरक्या रेघांचे ए बघून तुम्हाला रडू आलं असेल पण मला हायसं वाटलं. नीट बघा, बऱ्याच ए च्या शेजारी चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं एक छोटं गोल असेल. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या हल्लीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं असतं, सुरुवातीचे दोन बाइट बहुतेक वेळा तेच, आणि ते जुन्या लॅटिन-१ पद्धतीनं वाचले की हा ए आणि हे गोल दिसतं. म्हणजे अक्षरं आहेत, वाचणारा चुकतोय. तुम्ही हौदांवर लिहिता म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो, कात्रजच्या तळ्यात पाणी आहे, हौदापर्यंत येणाऱ्या नळाचा मधला एखादा उच्छ्वास (हवा-सफाईसाठी बांधलेली विहीर) तुंबलाय. नुसती प्रश्नचिन्हं दिसली असती तर मात्र त्या फाईलमधून काही परत मिळालं नसतं.

आता ती फाईल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडायची, मूळ फाईल नाही, तिची कॉपी. तिथे मराठी सरळ वाचता आलं तर चूक फक्त चढवताना झालीय, नव्या डेटाबेसची अक्षरपद्धत यूटीएफ-८-एमबी-४ ठेवून पुन्हा चढवा, झालं. फाईलमध्येच ए ए दिसत असेल तर बिघाड डेटा काढताना झालाय, तेही उलटं फिरवता येतं पण डेटाबेस कळणारा माणूस बसवा, आणि त्यानं ‘डिझाइन पण बदलून देतो’ म्हटलं की नको म्हणा. आत्ता डिझाइनचं काय घेऊन बसायचं.

पण या सगळ्याच्या आधी, अगदी आजच, एक काम करा. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुणाच्या नावावर आहे ते हूइजमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) बघा. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली, ती कुठेही मिळते, डोमेन म्हणजे सातबारा. होस्टिंगबरोबर ‘फ्री’ मिळालेलं डोमेन कधीकधी त्यांच्याच खात्यावर असतं आणि हे आपल्याला भांडण झाल्यावर कळतं (मला असंच कळलं होतं, भर दिवाळीत). मालकाचं नाव तिथे झाकलेलं दिसलं तरी मुदत दिसते, नाव मग खात्यात जाऊन बघा. मेल आयडी तुमचा करून घ्या, ट्रान्सफर कोड मागा आणि दुसरीकडे हलवा, डॉट कॉम असेल तर साधारण आठवडा लागतो. मुदत संपत आली असेल तर आधी पैसे भरा, कितीही राग आलेला असला तरी.

फोटोंचं म्हणाल तर ते डेटाबेसमध्ये कधीच नसतात, म्हणून त्या फाईलमध्ये नाहीयेत. ते डब्ल्यूपी-कंटेंट नावाच्या फोल्डरमध्ये, अपलोड्समध्ये, वर्ष-महिन्याप्रमाणे लावलेले असतात. तिकिटात ‘बॅकअप द्या’ लिहू नका, ‘अपलोड्स फोल्डर झिप करून द्या’ असं लिहा, मोघम मागितलं की मोघमच मिळतं. तरी नाहीच दिलं तर साइटींच्या जुन्या प्रती जपणारं इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे, २००१ पासून लोकांसाठी खुलं आहे, तिथे आपल्या साइटचा पत्ता टाकून एकेक वर्ष बघा. सगळं नसतंच पण जे असेल ते उतरवून ठेवा. पूर्वी गुगलच्या कॅशेतही (त्यांनी साठवलेल्या प्रतीत) सापडायचं, ते त्यांनी २०२४ मध्ये बंद केलं. ज्यांना मेलवर लेख जायचे त्यांच्या इनबॉक्समध्येही काही निघतील, एखादी मैत्रीण असतेच सगळं जपून ठेवणारी.

अजून एक, लेखांचे पत्ते बदलू नका. मराठी शीर्षकाचा पत्ता आतून टक्क्यांच्या खुणा घालून लिहिला जातो, एका अक्षराला किंवा मात्रेला नऊ जागा, आणि वर्डप्रेस दोनशे जागांवर तो कापतं, म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक अक्षरं. म्हणून ‘नानावाड्याजवळच्या हौदाची गोष्ट’ असलं शीर्षक पत्त्यात अर्धवट दिसतं आणि भाच्याला ते नीट करायचा मोह होणार. होऊ देऊ नका, लोकांनी जिथे जिथे तुमची लिंक दिलीय तिथे तो अर्धवट पत्ताच आहे.

पैसे भरलेत आणि सेवा नाही म्हणून तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, पण तो फोन डोमेन हातात आल्यावर करा. फाईल उघडून काहीच उमगलं नाही तर तिच्या पहिल्या वीस ओळी मला पाठवा, त्यात कुठे पासवर्ड असेल तर तेवढा खोडून.