पाय पाण्यात ठेवून ‘डिटॉक्स’ केल्यावर पाणी तपकिरी होतं. ते शरीरातलं विष असतं का?

नाही, तो गंज असतो. टबात मीठ टाकतात, त्यात मशीनचे लोखंडी इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात वीज सोडणारे तुकडे, असतात. वीज सोडली की लोखंड झिजतं आणि पाणी आधी पिवळट, मग तपकिरी होतं. पटत नसेल तर ‘डिटॉक्स’ करणाऱ्यांना म्हणा, ‘पाय न घालता मशीन चालवून दाखवा.’ रंग तस्साच येईल. (दाखवायला कुणी तयार झालं तर!)

रात्री तळव्यांना लावायच्या पट्ट्यांचंही तेच. आतली पूड ओल लागली की काळी पडते, मग तो घाम असो की नळाचं पाणी. अमेरिकेत ‘किनोकी’ पट्ट्या विकणाऱ्यांवर तिथल्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये खटला भरला होता.

विकणाऱ्याला एवढंच विचारा: नेमकं कोणतं विष, आणि ते आधी-नंतर मोजलं कशाने? उत्तरात ‘टॉक्सिन्स’ येईल, नाव काही येणार नाही. रक्त साफ करायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. तळव्यांकडे ते खातं नाही. कोमट पाण्यात पाय बुडवून बरं वाटतं हे खरं, पण त्याला बादली पुरते. आणि कुणी या नादात मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगितली, तर तिथून सरळ उठा.