पायाखालची पोकळी: भिजलेला पुठ्ठा आणि इतर प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की घराच्या बीमखाली ठेवायच्या पोकळीबद्दलची पत्रं वाढतात, आणि घोळही तोच असतो. काही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर टेकवून भिंतींखालचा काँक्रीटचा बीम ओतला तर ती खालून रेटा देते आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. म्हणून घराचा भार पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर घेऊन बीमखाली मोकळी जागा सोडतात. काँक्रीट कडक होईपर्यंत ते तोलायला त्या जागेत पुठ्ठ्याची खोकी मांडतात, त्यांनाच व्हॉइड फॉर्म म्हणतात. पुढे जमिनीतल्या ओलीने ती मऊ पडून बसतात आणि मातीला फुगायला जागा मिळते.

फोंड्याजवळ प्लॉट आहे. माती तांबडी, खाली चिरा (जांभा दगड). व्हॉइड फॉर्म घालू का?

नको. जांभ्याची माती अशी फुगत नाही. तरी माती तपासून घ्याच, चिऱ्याच्या थराखाली मऊ माती लागू शकते.

आमची जागा खाजनाला, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीला लागून आहे. पोकळी ठेवली की घर खचणार नाही, असं कंत्राटदार म्हणतो. खरं का?

साफ चूक. खाजनातला चिखल भाराखाली दबत जातो, वर्षानुवर्षं. तुमचा धोका घर खचण्याचा आहे, उचललं जाण्याचा नाही, आणि पोकळी काही भार पेलत नाही. वर भराव टाकलात तर त्याचं वजनही त्या चिखलावरच येणार. भूतांत्रिक (माती आणि पाया तपासणाऱ्या) अभियंत्याकडून मातीच्या तपासणीसाठी बोअर घेऊन पाया ठरवा. त्याआधी किनारी नियमनाचे निर्बंध जागेला लागतात का, ते विचारा.

मी म्हापशाचा. अथणीला काळ्या मातीत घर बांधतोय. वळवाच्या सरीत काही खोकी भिजली. उन्हात वाळवली, आता कडक वाटतात. मेस्त म्हणतो चालतील.

चालणार नाहीत. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो, सगळी ताकद त्या नागमोडीत. एकदा भिजला की डिंक सुटतो, नागमोड चपटी होते. वाळल्यावर खोकं हाताला कडक लागतं, पण गेलेली ताकद परत येत नाही. कोपरा अंगठ्याने दाबा आणि तसंच कोरडं खोकं दाबून बघा. फरक कळेल.

हिशेब करा. सळ्यांसह काँक्रीट घनमीटरला सुमारे 2500 किलो. 450 मिमी उंच बीम म्हणजे दर चौरस मीटरला 1100 किलोंहून जास्त, वर माणसं आणि काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर. एका कामावर मला दुपारी बोलावलं होतं. खोकी ताडपत्रीने नीट झाकलेली, पण ठेवली होती उघड्या मातीवर. ओल खालून चढली. सळ्यांमधून हात घालून चाचपलं तर पुठ्ठा चहात बुडवलेल्या पावासारखा बोटाला लागला. ओतलेलं काँक्रीट मधोमध बसून मातीला टेकलं होतं. पोकळी गेली, बीम फोडावा लागला. तारीख गाठायची घाई होती, दुसरं कारण नाही.

म्हणून खोकी छपराखाली, फळ्यांवर, जमिनीपासून उंच ठेवा. म्हापशाच्या गोदामात साठवून नेणार असाल तर जून ते सप्टेंबर नकोच, इथली हवाच ओली. त्या दिवशी लागतील तेवढीच मांडा. वर कडक बोर्ड टाका, नाहीतर सळ्या उचलून धरणारे ठोकळे (कव्हर ब्लॉक) पुठ्ठ्यात रुततात. चालायला फळ्या घाला. व्हायब्रेटरची सुई खोक्यात घुसू देऊ नका. मांडल्यावर पाऊस आला तर भिजलेली सगळी काढा, ओतणं थांबवा, आणि अभियंत्याने पाहिल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

मग खोकी प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळली तर?

नको. जमिनीतली ओल आत शिरली नाही तर खोकं कडकच राहील आणि मातीचा रेटा थेट बीमला लागेल.

दुकानदार थर्माकोलच्या शीट ‘व्हॉइड’ म्हणून देतो. स्वस्त आहेत.

साधी घट्ट शीट म्हणजे पोकळी नव्हे. ती विरत नाही, रेटा वर पोचवते. दाबली जाण्यासाठीच बनवलेला माल वेगळा असतो. तो किती भार धरतो आणि किती रेट्याला किती दबतो, हे लेखी मागा आणि कागद अभियंत्याला दाखवा. कागद देत नसेल तर तिथून घेऊ नका.

पोकळी किती ठेवायची? कोणी दोन इंच सांगतं, कोणी चार.

ऐकीव इंचांवर घर बांधू नका. आयएस 2911 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे फुगणाऱ्या मातीत बीम जमिनीपासून किमान 80 मिमी वर हवा. तुमच्या मातीला त्याहून जास्त लागेल का, ते तपासणीवरून अभियंता ठरवेल. पहिली चाचणी साधी असते. वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दिवसभराने दोन्ही नळ्यांतल्या उंचीतला फरक डोळ्यांना दिसतो.

पुठ्ठ्याला वाळवी लागेल ना?

लागू शकते. खोकी मांडण्याआधी आयएस 6313 प्रमाणे वाळवीप्रतिबंधक उपचार करून घ्या.

बीमच्या बाजूने माती आत घसरतेय. तशीच भरून टाकू?

अजिबात नाही, पोकळीच बुजेल. आत गेलेली माती आधी काढा. मग बाजूला न कुजणारे पत्रे किंवा बोर्ड लावा आणि अभियंत्याला दाखवून मगच बाहेरून भराव घाला.