वाचकांचे प्रश्न : प्लेट कोरी, मग टी-पेशी कशाला जाग्या?

प्रश्न : सेमिनारसाठी उंदरांतल्या सुप्त (शरीरात दबून राहिलेल्या) क्षयावरचा शोधनिबंध घेतलाय. औषधांनंतर फुप्फुसात जंतू सापडत नाहीत, तरी टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गॅमा इंटरफेरॉन (जंतूंविरुद्ध इशारा देणारं प्रथिन) सोडतात. जंतू आहेत की गेले?
– एम.एस्सी. विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर

उत्तर : हे कॉर्नेल पद्धतीचं, म्हणजे औषधांनी उंदरातला क्षय दाबून सुप्त करण्याचं काम दिसतं. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही क्षयाची औषधं 12 आठवडे दिली की जंतू वाढवायच्या प्लेटवर एकही कॉलनी (जंतूंचा ठिपका) येत नाही. पण औषध थांबवून प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड दिलं की बऱ्याच उंदरांत जंतू परततात. म्हणजे शून्य हे मोजणीपुरतं. उलट, गॅमा इंटरफेरॉनही जंतूंचा पुरावा नव्हे. जंतू गेल्यावरही जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी प्रतिसाद देतात.

निष्कर्ष वाचण्याआधी पद्धतीची पानं वाचा. फुप्फुसात रक्त खच्चून भरलेलं असतं, सलाइनने धुतलं तरी सगळं निघत नाही. म्हणून उंदीर मारण्याच्या साधारण 3 मिनिटं आधी शिरेतून सीडी45विरोधी (पांढऱ्या पेशींवरच्या या खुणेला चिकटणारी) रंगीत अँटीबॉडी टोचतात. रक्तातल्या पेशी रंगतात, ऊतीत शिरलेल्या कोऱ्या राहतात. हे केलेलं नसेल, तर 'फुप्फुसातल्या टी-पेशी' या आकड्यावर फार विसंबू नका. रक्तात अडकलेल्या केएलआरजी1 ही खूण असलेल्या सीडी4 पेशी (टी-पेशींचा एक प्रकार) गॅमा इंटरफेरॉन भरपूर बनवतात, पण जंतू आवरण्यात ऊतीत शिरणाऱ्या सीएक्ससीआर3 ही खूण असलेल्या पेशी सरस ठरतात.

दुसरी गोची कोलॅजिनेजची (ऊतीतून पेशी सुट्या करणारं एन्झाइम). ते जास्त वेळ ठेवलं तर पेशींवरच्या खुणाच छाटल्या जातात. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) विसरलं की मेलेल्या पेशींच्या डीएनएमुळे गुठळ्या होतात आणि सायटोमीटर (पेशी मोजणारं यंत्र) तुंबतो. ब्रेफेल्डिन (प्रथिनं पेशीतच अडवणारं रसायन) घातलंय का, तेही बघा. त्याशिवाय इंटरफेरॉन पेशीबाहेर निघून जातं आणि रंगवायला काही उरत नाही.

औषधांविना, 50 ते 100 जंतू हुंगवलेल्या काळ्या सी57 (प्रयोगशाळेतली एक जात) उंदरात जंतूंची संख्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर लाख ते दहा लाखांवर अडते. त्याला सुप्त म्हणू नये, तो जुनाट क्षय.

प्रश्न : वडिलांना संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब द्यायचंय. आधी टीबीची तपासणी कशाला?
– वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हे इंजेक्शन टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) अडवतं. जंतूंना गाठीत कोंडून ठेवायला टीएनएफच लागतो. उंदरांत तो अडवला की दबलेला क्षय उसळतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मँटू (टीबीची त्वचेवरची चाचणी) किंवा इग्रा (टीबीची रक्तचाचणी). मँटू 48 ते 72 तासांत वाचून घ्यावी लागते. सुप्त संसर्ग निघाला, तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन देतात. वडील स्टेरॉइड घेत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. संसर्ग असूनही मँटू निगेटिव्ह येऊ शकते.