इटलीतल्या जेनोव्हा बंदरात घेतलेलं जहाजांचं तैलचित्र एकोणिसाव्या शतकातलं आहे का? घरी साफ करून पुण्याला नेता येईल का?

आधी साफसफाईचं सांगतो: हात लावू नका. कांदा, बटाटा, स्पिरिट, थिनर, काही म्हणजे काही नको.

कारण आहे दोर. अशा चित्रांत आकाश आधी रंगवून वाळू देतात. डोलकाठ्यांचे दोर सगळ्यात शेवटी, बारीक कुंचल्याने, पातळ तपकिरी रंगात ओढतात. वॉर्निश विरघळवणारं द्रावण त्या रेघांनाही सोडत नाही. कापसाच्या बोळ्यावर आधी पिवळं येतं, सगळे खूश होतात. मग तपकिरी यायला लागतं. तो मळ नसतो, ते दोर असतात. असं ‘उजळवलेलं’ एक चित्र पाहिलंय: लख्ख आकाश, फुगलेली शिडं आणि त्यांना धरून ठेवणारे दोर मागाहून कुणीतरी ओढलेले, सगळे एकाच जाडीचे. भिंगाखाली नवा रंग जुन्या भेगांत उतरलेला स्पष्ट दिसत होता. ‘साफ केलं की किंमत वाढते’ म्हणणाऱ्या विक्रेत्यांशी माझं म्हणूनच कधी जमलं नाही. पिवळं वॉर्निश पन्नास वर्षांनीही काढता येईल, पुसलेला दोर कोण आणून देणार?

वयासाठी झेंडा बघा. पांढऱ्यावर बूर्बों राजघराण्याचं चिन्ह असेल तर जहाज नेपल्सच्या राज्याचं, म्हणजे प्रसंग साधारण 1860 पर्यंतचा. इटलीच्या हिरव्या-पांढऱ्या-लाल तिरंग्यावर सव्हॉय राजघराण्याची ढाल असेल तर 1848 पासून सार्डिनियाचं राज्य (इटली एक होण्याआधीचं) आणि 1861 ते 1946 इटलीचं राज्य. इटलीच्या राज्यात ढालीवर मुकुट असला तर नौदल, नसला तर व्यापारी जहाज. ढालीत चार जुन्या सागरी प्रजासत्ताकांची (व्हेनिस, जेनोव्हा, अमाल्फी, पिसा) चिन्हं दिसली तर चित्र 1947 नंतरचं, विषय संपला. टॉपसेल (डोलकाठीवरचं खालून दुसरं शीड) दोन तुकड्यांत, दोन परबाणांवर (शीड बांधायच्या आडव्या काठ्यांवर) असेल तर बहुधा 1850 च्या दशकाआधीचं नाही. शिवाय वारा पाठीमागून येऊन शिडं पुढे फुगलेली आणि झेंडा मात्र मागे फडकतोय, असं असेल तर नक्कल करणाऱ्या चित्रकाराला जहाज कळलेलं नाही. ही चित्रं बहुतेकदा कप्तान स्वतः करवून घ्यायचे, त्यांच्या नजरेतून अशी चूक सुटली नसती.

अंधारात यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च मारा. जुनं राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं, वरचं नंतरचं काम काळपट दिसतं. सही भेगांच्या वरून गेली असेल तर ती मागाहून केलेली.

अर्थात झेंड्यावरून प्रसंगाचा काळ कळतो, रंगवल्याचा नाही. पाठीमागच्या नव्या पद्धतीच्या स्टेपलवरूनही लगेच नकली ठरवू नका, कॅनव्हास नव्याने ताणलेला असू शकतो. जवळच कामोग्लीच्या सागरी संग्रहालयात कप्तानांनी करवून घेतलेली जहाजचित्रं आहेत, आपलं त्यांच्याशी ताडून बघा.

नेण्याबद्दल: इटलीत 70 वर्षांहून जुनं चित्र देशाबाहेर न्यायचं तर किंमत 13,500 युरोपर्यंत असल्यास निर्यात कार्यालयाकडे घोषणापत्र द्यावं लागतं, त्याहून जास्त असेल तर परवाना. आणि कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळू नका. जुना रंग ठिसूळ असतो, गुंडाळीत पापुद्रे सुटतात.