गणितीय जीवशास्त्राचा प्रकल्प प्रस्ताव कधी पाठवावा? स्वतःचा डेटा हाती येईपर्यंत थांबू का?

थांबू नका. मी थांबले होते, म्हणून सांगते.

डेंग्यूच्या मॉडेलवरचा माझा प्रस्ताव तयार होता. डासाच्या पोटात विषाणू गेल्यापासून तो डास दुसऱ्याला बाधा करू लागेपर्यंत साधारण ८ ते १२ दिवस जातात, आणि तापमानाप्रमाणे हा काळ कमीजास्त होतो. तो विलंब समीकरणात बसवणं हे माझं काम. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, स्वतःचा डेटा नसताना पैसे कोण देणार? एक पावसाळा जाऊ द्या." मी ऐकलं. प्राणिशास्त्राच्या मुलांना घेऊन काळ्या प्लॅस्टिकच्या मगांत पाणी भरलं, डासांनी अंडी घालावीत म्हणून आत कागदाची पट्टी लावली आणि ते मग गच्च्यांवर ठेवले. दर आठवड्याला पट्टी काढायची आणि खसखशीहून बारीक काळी अंडी भिंगाखाली मोजायची. मोजणी संपली दिवाळीनंतर. तोवर त्या वर्षीची मुदत उलटून गेली होती.

पुढच्या वर्षी अर्ज केला, मंजूरही झाला. पैसे आले ऑगस्टात; मग जेआरएफची, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाची, जाहिरात, मुलाखती, आणि मुलगी रुजू झाली डिसेंबरात. प्रकल्पाच्या तीन वर्षांतला पहिला पावसाळा गेला, आणि ३१ मार्चचं यूसी, म्हणजे खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, मात्र चुकलं नाही. परीक्षकांच्या अभिप्रायात त्या अंड्यांचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. सगळे प्रश्न समीकरणांच्या स्थिरतेच्या गणिती सिद्धतेवर.

साथींच्या गणिती मॉडेलचा पाया घालणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या पेपरात आपलं मॉडेल कशावर ताडून पाहिलं? मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमध्ये दर आठवड्याला किती माणसं दगावली, त्या नोंदींवर. ते आकडे त्यांनी गोळा केलेले नव्हते. हे मी त्या दिवशी विभागप्रमुखांना तोंडावर सांगायला हवं होतं. तुमचं योगदान समीकरणात असेल, तर प्रकाशित आकड्यांवर बेतलेला एक नीट आलेख जोडा आणि अर्ज करा.

तारीख उलटी मोजा. पावसाळ्यात काम असेल तर माणूस मे महिन्यात रुजू हवा, आणि अर्जापासून तिथपर्यंत माझं वर्षाहून जास्त गेलं. शेवटच्या दिवशी पाठवलं म्हणून कोणी गुण कापत नाही, पण सही करणारे संस्थाप्रमुख नेमके तेव्हाच दौऱ्यावर असतात.

एक मात्र आहे. प्रयोग हाच प्रस्तावाचा गाभा असेल, तर प्राथमिक निकालांशिवाय जाऊ नका. निव्वळ सिद्धांताचं काम असेल तर पावसाळ्याचा हिशोब सोडून द्या. प्रकल्पांना पैसे देणारं केंद्राचं मंडळ एसईआरबी आता एएनआरएफ या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात गेलंय, त्यामुळे जुन्या तारखांवर विसंबू नका. आणि मसुदा तयार असेल तर संस्थाप्रमुखांच्या सहीचं पत्र याच आठवड्यात टाइप करून घ्या.